घरात कुत्रा, मांजर आणि शिवाय कॉन्युर किंवा इग्वाना: सगळ्यांना एका छपराखाली नांदवायचं कसं?

रील्समध्ये मांजराच्या पोटाशी झोपलेला ससा दिसतो, कुत्र्याच्या डोक्यावर बसलेला कॉन्युर (छोटा, रंगीत परदेशी पोपट) दिसतो. ते बघून घरात वेगळ्या जातीचा प्राणी आणायचा विचार करत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये एक गावठी कुत्री, एक बोका, कॉकेटील या तुरेवाल्या छोट्या पोपटांची जोडी आणि एक हिरवा इग्वाना (मोठ्या सरड्यासारखा प्राणी) असा प्रपंच आहे. शिवाय सासूबाई, नवरा आणि मुलं. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे सगळे एकमेकांशी खेळतात का हो?" नाही खेळत. त्यांनी खेळू नये म्हणून तर सगळा खटाटोप आहे. बोक्यासाठी पक्षी हे भक्ष्य आहे आणि पक्ष्याला ते जन्मापासून ठाऊक असतं. त्यामुळे मैत्रीच्या नादी न लागता सगळ्यांना शांतपणे आपापल्या जागी राहता आलं पाहिजे, एवढंच ध्येय ठेवा. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. आधी घरातल्या माणसांची बैठक

दुकानात जायच्या आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. "आणू, मग बघू" या वाक्याने आलेला प्राणी शेवटी आईच्या नाहीतर सासूबाईंच्या गळ्यात पडतो. पुढच्या गोष्टी स्पष्ट विचारून घ्या.

कुणाला दमा आहे का? कॉकेटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. फर्निचरवर बसते, नाकातही जाते. दम्याच्या माणसाच्या घरात कॉकेटील नकोच.

घरात कुणी गरोदर आहे का? मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा पसरू शकतो, पण त्यासाठी मांजर हाकलायची गरज नसते. विष्ठेतला जंतू संसर्ग करण्याजोगा व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटरचा, म्हणजे मांजराच्या शौचाचा, ट्रे रोज साफ करायचा आणि ते काम गरोदर बाईने न करता दुसऱ्या कुणीतरी करायचं. बाकी शंका डॉक्टरांना विचारा.

पाच वर्षांखालचं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधांवर असलेलं माणूस घरात असेल तर कासव, इग्वाना, साप पुढे ढकला. हे प्राणी अगदी ठणठणीत दिसत असले तरी अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू बाळगतात. लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालून आजारी पडत होती म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तीच पिल्लं प्लास्टिकच्या डब्यात नारळाच्या झाडासकट विकायला असतात.

शाकाहाराचा विषय टाळू नका. कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो, मांजर नाही. तिला मांसातून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं, ते मिळालं नाही तर डोळे आणि हृदय बिघडतं. दूध-पोळीवर मांजर जगते असं आपण पिढ्यानपिढ्या समजत आलो, पण ती मांजर बाहेर उंदीर खाऊन येत होती. फ्लॅटमध्ये तिला उंदीर कुठून मिळणार? आणि पाळीव साप म्हणजे गोठवलेले उंदीर. ते आजींच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी राहणार नाहीत, त्याला वेगळा छोटा डीप फ्रीझर लागेल. हे आधी मान्य होत नसेल तर साप नको.

शेवटी वयाचा हिशेब. हॅमस्टर दोन-तीन वर्षं, गिनीपिग पाच ते आठ, ससा आठ ते बारा, कॉकेटील पंधरा-वीस, इग्वानाही तितकाच, लाल कानांचं कासव तीस वर्षं, आफ्रिकन ग्रे हा करडा पोपट चाळीसच्या पुढे. सहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेला ग्रे त्याच्या लग्नानंतरही तुमच्याच घरात असणार आहे.

२. कायद्याच्या तीन गठ्ठ्यांत प्राणी बसवून बघा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. विकणाऱ्याला नवा कायदा ठाऊक असेलच असं नाही, ठाऊक असला तरी तो सांगेलच असंही नाही.

पहिला गठ्ठा: अजिबात नाही. आपले देशी वन्य पक्षी-प्राणी. हिरवा राघू, मैना, मुनिया, तारा कासव, तळ्यातली देशी कासवं, देशी साप. "आमच्या आजोबांकडे पिंजऱ्यात मिठू होता" ही सबब चालत नाही. राघू पाळणं गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तारा कासव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे, तिथे शिक्षा याहून कडक. वास्तुशास्त्राच्या नावाने कुणी कासव गळ्यात मारू पाहत असेल तर सरळ नाही म्हणा.

दुसरा गठ्ठा: चालेल, पण नोंदणी करून. परदेशी प्राण्यांच्या व्यापारावर सायटिस हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांची यादी २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आली. सन कॉन्युर, मकाव, आफ्रिकन ग्रे, हिरवा इग्वाना, बॉल पायथन हे सगळे यात येतात. ग्रे तर २०१७ पासून सायटिसच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे. असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने त्याची माहिती देऊन नोंदणी करायची. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश २.० या पोर्टलवर नोंद करायची असते. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं.

तिसरा गठ्ठा: या नोंदणीची गरज नसलेले. बजरीगर, कॉकेटील, पीच-फेस लव्हबर्ड, हॅमस्टर, गिनीपिग, पाळीव ससा आणि अर्थातच कुत्रा-मांजर. इथे एक खाच आहे. बाजारात बजरीगरलाही सर्रास लव्हबर्ड म्हणतात, आणि खऱ्या लव्हबर्डमध्येही पीच-फेस सोडून फिशर वगैरे जाती सायटिसच्या यादीत आहेत. म्हणून पावतीवर जातीचं शास्त्रीय नाव लिहून घ्या.

२०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली होती. अजूनही काही विक्रेते तेव्हाचा कागद दाखवून "सगळं क्लिअर आहे" म्हणतात. तो कागद त्या वेळच्या मालकाचा आणि त्या वेळच्या प्राण्याचा. तुमच्या नव्या पिल्लाला त्याचा आपोआप उपयोग होत नाही.

कुत्र्या-मांजरासाठी तुमच्या महापालिकेचा परवाना बघा. मोठ्या शहरांत कुत्र्याचा परवाना सक्तीचा आहे, पुण्यात मांजरांचीही नोंदणी करावी लागते.

सोसायटीचं म्हणाल, तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण हा कागद सेक्रेटरींच्या तोंडावर फेकू नका. कुत्र्याची घाण उचलायची पिशवी रोज हातात दिसू द्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. कॉन्युरच्या बाबतीत मात्र शेजाऱ्यांची बाजू खरी असते. सन कॉन्युर सकाळी ओरडायला लागला की वरच्या-खालच्या मजल्यावर ऐकू जातो. भिंत सामाईक असलेल्या फ्लॅटमध्ये तो आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

३. फाईल करा

प्रत्येक प्राण्याची वेगळी प्लास्टिक फाईल, आणि सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये.

- विक्रेत्याचं पक्कं बिल: नाव, पत्ता, तारीख, जात, नर-मादी, वय.
- अनुसूची ४ मधला प्राणी असेल तर ब्रीडरच्या परवान्याचा तपशील, हस्तांतराचा कागद आणि त्याच्या स्वतःच्या नोंदणीची प्रत.
- पक्ष्याच्या पायातल्या रिंगचा क्रमांक. रिंग बंद, म्हणजे सांधा नसलेली हवी. ती पिल्लू अगदी लहान असतानाच चढते, म्हणून ती पिंजऱ्यात जन्मल्याचा बऱ्यापैकी पुरावा असते. सांधा असलेली रिंग कुणीही कधीही अडकवू शकतो.
- नर-मादी ओळखण्यासाठी केलेल्या डीएनए चाचणीचं कार्ड. त्यावरचा रिंग क्रमांक पायातल्या रिंगशी जुळवा.
- प्राण्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो, मायक्रोचिप असल्यास क्रमांक.
- तुमचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती.
- लसीकरणाची पुस्तिका, रेबीजच्या लसीची तारीख ठळक.

"बिल नंतर व्हॉट्सॲप करतो" असं ऐकलं की पैसे खिशात ठेवून परत या.

४. प्राण्याआधी डॉक्टर शोधा

कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर शहरात गल्लोगल्ली आहेत. पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणारे फार कमी. आधी फोन करा आणि थेट विचारा: इग्वाना बघता का? रात्री कुणाकडे जायचं? जवळ कुणीच नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत परळला आहे, पुणे-साताऱ्याकडच्यांना शिरवळ, विदर्भात नागपूर, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर. तिथे पोचायला तुमच्या घरून किती तास लागतात, तोही विचार निर्णयात धरा.

अनेक जातींच्या घरातला सर्वांत मोठा धोका म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला देणं. ही यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा:

- कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं गोचीडनाशक मांजराला घातक. कुत्र्याला लावलं तरी वाळेपर्यंत मांजर लांब.
- फिप्रोनिलचं औषध कुत्र्या-मांजराला चालतं, सशाला नाही.
- आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेऊ शकतं.
- ॲमॉक्सिसिलिन सशाला किंवा गिनीपिगला तोंडावाटे कधीही नाही, आतडी बिघडून ते दगावतात.
- माणसांची पॅरासिटामॉल मांजराला अर्धी गोळीसुद्धा नाही.

मेडिकलवाल्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. "सशाला काय झालंय ते सांगा, औषध देतो" म्हणाला तर आभार मानून निघा.

५. घराची वाटणी

टू-बीएचकेमध्येही जमतं, पण दारं लागतात. नियम एकच: भक्ष्य आणि शिकारी यांच्यामध्ये बंद होणारं दार हवं. पिंजरा म्हणजे दार नव्हे. मांजराचा पंजा जाळीतून आत जातो, आणि गेला नाही तरी तासन्‌तास रोखून बघणाऱ्या मांजरासमोर बसून पक्षी खाणं सोडतो, पिसं उपटतो.

आमच्याकडे मागची खोली पक्ष्यांची. तिचं दार आपोआप बंद होणारं आहे, सुताराने बसवलेल्या स्प्रिंगवर ते चालतं. पंखा त्या खोलीत नाहीच. पिंजऱ्याबाहेर मोकळे उडणारे पक्षी आपल्याकडे कशाने मरत असतील तर छताच्या पंख्याने. "आधी पंखा बंद करू आणि मग सोडू" या भरवशावर राहू नका. एखाद्या दिवशी पाहुणा बटण दाबतो. पंखा काढून टाका किंवा त्याला जाळीचं कव्हर घाला.

कॉकेटील रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात थडाथड आपटतात, त्यांच्या खोलीत झिरोचा दिवा ठेवा. बाकी त्यांना दहा-बारा तास शांतता हवी, म्हणजे टीव्हीची खोली बाद.

इग्वानाला जागा किती लागते याची कल्पना दुकानात येत नाही. वीतभर पिल्लू पाच-सहा फुटांचं होतं, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटी. काचेचा फिशटँक वर्षभरात अपुरा पडतो. उभा, माणसाच्या उंचीचा पिंजरा बनवून घ्यावा लागतो. एका टोकाला ३५ अंशांच्या आसपास ऊब, दुसरं टोक गार, आणि यूव्हीबी (उन्हातली अतिनील किरणं देणारा) दिवा. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने यूव्हीबीचं काम होत नाही, कारण काच ती किरणं अडवते. दिवा पेटलेला दिसला तरी सहा महिने ते वर्षभरात त्यातली यूव्हीबी संपते, म्हणून बदलल्याची तारीख होल्डरवर लिहा. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री सिरॅमिक हीटर लागतो. वीजबिल त्यानुसार धरा, आणि भारनियमन असलेल्या गावात इन्व्हर्टरही.

सशाचं उलटं. त्याला तिशीच्या वरचं तापमान सोसत नाही. विदर्भात ससा पाळायचा तर कूलरची खोली त्याची. वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

बाल्कनीची नायलॉनची कबुतरजाळी मांजर चावून तोडतं. स्टीलची बारीक जाळी लावा.

आणि देवघर. आमच्या सासूबाईंनी सुरुवातीलाच हद्द आखून दिली: देवघर आणि स्वयंपाकघर, इथे चार पायांचं कुणी नाही. सोवळ्याचं कारण त्यांचं, तेलातुपाचं आणि निरांजनाचं माझं. नियम एकच निघाला, म्हणून टिकला.

६. नवा प्राणी: आधी एकांत

नव्या पक्ष्याला किमान ३० दिवस, जमलं तर ४५, जुन्या पक्ष्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. हॉलचा दुसरा कोपरा म्हणजे वेगळी खोली नव्हे, हवा एकच असते. पोपट कुळातले पक्षी सिटॅकोसिस हा आजार वरून काही न दाखवता बाळगतात, आणि तो माणसाला न्यूमोनियासारखा होतो. पहिल्या आठवड्यातच विष्ठेची आणि या आजाराची तपासणी करून घ्या.

रोजचा क्रम: आधी जुन्या प्राण्यांचं खाणंपिणं, साफसफाई, मग नव्याचं. शेवटी हात धुवायचे, टी-शर्ट बदलायचा. भांडी वेगळी. पिंजऱ्याचे ट्रे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत, कधीच नाही. बाथरूममध्ये वेगळी बादली, वेगळा ब्रश.

गिनीपिग आणणार असाल तर ध्यानात ठेवा, सशात किंवा कुत्र्यात निरुपद्रवी राहणारा बोर्डेटेला हा जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करतो. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवायची पद्धत दुकानांत आहे, घरात नको. सशाच्या एका लाथेने गिनीपिगचं हाड मोडतं, ते वेगळंच.

७. ओळख करून द्यायची ती वासाने

कुत्र्यासाठी वेळ लागला तरी हे जमतं. नव्या प्राण्याच्या पिंजऱ्यातलं फडकं कुत्र्याच्या जागेजवळ ठेवा. हुंगून दुर्लक्ष केलं की खाऊ. काही दिवसांनी कुत्रा पट्ट्यात, लांबून पिंजरा दिसेल असा, आणि "बस" या आज्ञेवर. तो पिंजऱ्यावरून नजर काढून तुमच्याकडे बघतो, त्या क्षणी खाऊ. अंतर हळूहळू कमी करा. अंग ताठ, शेपटी स्थिर, श्वास रोखलेला आणि डोळे पिंजऱ्यावर चिकटलेले दिसले तर तो शिकारीच्या पवित्र्यात आहे. ओरडू नका, बाहेर न्या. मुधोळ, पश्मी अशा शिकारी जातींच्या कुत्र्यांबाबत मी सशा-पक्ष्यांचा आग्रहच धरणार नाही. धावतं ते पकडायचं, हेच त्यांना पिढ्यानपिढ्या शिकवलेलं आहे.

मांजराला असं शिकवत बसू नका. तिच्यासाठी दार.

दोघं कितीही शांत दिसले तरी कुणीही मोठं माणूस खोलीत नसताना एकत्र सोडायचं नाही. वर्षभर सगळं नीट चाललं म्हणून सैल सोडलेल्या घरांतच अपघात होतात.

मांजराचा दात किंवा नख पक्ष्याला लागलं, अगदी रक्त दिसत नसलं तरी, त्याच दिवशी काही तासांत डॉक्टर. मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारतात, प्रतिजैविक वेळेत गेलं तर वाचतो. "बघू सकाळी" म्हणायची ही वेळ नव्हे.

८. स्वयंपाकघर आणि हवा

पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि दर श्वासाला भरपूर प्राणवायू घेतला जातो. उंच उडायला हे उत्तम, पण हवेतलं विषही तितक्याच झटक्यात आत जातं. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापला की त्याच्या थरातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरतो. माणसाला वासही येत नाही. आप्पेपात्र, सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, सगळ्यांचा थर तपासा. पक्षी पाळायचे तर बिडाचा तवा आणि स्टील, असं आम्ही ठरवून टाकलं. डोसे पहिले काही महिने चिकटले.

मच्छर कॉइल, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, डांबरगोळ्या, नवा रंग: यांपैकी काहीही पक्ष्यांच्या खोलीत नको. पालिकेची धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या बंद, आणि फिशटँक असेल तर त्यावर ओलं फडकं टाकून हवेचा पंप थोडा वेळ बंद. त्या औषधांनी मासे चटकन मरतात, आणि पंप तर बाहेरची हवाच पाण्यात ढकलत असतो. पेस्ट कंट्रोलवाल्याला घरात कोण कोण आहे ते बुकिंग करतानाच सांगा.

९. खाणं: कुणाचं ताट कुणाला नाही

कुत्र्याला कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे विषारी. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि प्रसाद नाही कसा म्हणायचा म्हणून आत्याबाई कुत्र्यालाही भरवतात. पूजेच्या दिवशी बेदाण्यांशिवायची वाटी आधीच बाजूला काढून ठेवा.

सशाचं पोट गवतावर चालतं. गाजर हा लाड, जेवण नव्हे. मोठ्या सशाला दिवसभर सुकं गवत समोर हवं. लसूणघास (लसूण नव्हे, गुरांचा हिरवा चारा) पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको, त्यात कॅल्शियम फार. गणपतीत दूर्वा भरपूर मिळतात, ती हराळीच. फवारणी नसलेली, धुतलेली असेल तर ससा आणि गिनीपिग दोघंही खुशीत खातात. सशाने बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत तर ती तातडीची अवस्था समजा.

गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. सिमला मिरची, कोथिंबीर, आवळ्याची बारीक फोड रोज. पोपटवर्गीय पक्ष्यांना नुसत्या सूर्यफुलाच्या बिया देऊ नका. शेवग्याची पानं, गाजर, कोवळा मका यांची हळूहळू सवय लावा. इग्वाना पक्का शाकाहारी: शेवगा, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा. पालक क्वचित. अंडं आणि कुत्र्याचं खाणं बिलकूल नाही, त्याची मूत्रपिंडं जातात.

फुलांच्या गुच्छातली लिली मांजर असलेल्या घरात येऊ देऊ नका. तिचे परागकण चाटूनही मांजराची मूत्रपिंडं बंद पडतात.

१०. सणावाराचं वेळापत्रक

दिवाळीत सगळ्यांना घरातल्या सर्वांत आतल्या खोल्यांत, अर्थात वेगवेगळ्या, पडदे लावून. फटाके वाजायला लागण्याआधी कुत्र्याला फिरवून आणा. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांकडून आधीच औषध लिहून घ्या, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणी फोन उचलत नाही. गणपतीत दार सतत उघडं असतं, म्हणून पक्ष्यांच्या खोलीला कुलूप आणि बोक्याच्या गळ्यात नाव-फोनचा पट्टा. पाहुण्यांच्या मुलांना "इग्वाना दाखव ना" हवं असतं. दाखवा, पण नंतर सगळ्यांचे हात साबणाने धुवून घ्या, मगच मोदक.

पावसाळ्यात गवताच्या साठ्याला बुरशी लागते का बघत राहा. कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर, आणि फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा.

गावाला जायचं असेल तर कुत्र्यासाठी बोर्डिंग मिळतं, इग्वानासाठी जवळपास मिळत नाही. घरी येऊन बघणारं माणूस आधी तयार करावं लागतं. आमच्याकडे शेजारच्या काकू येतात. त्यांच्यासाठी प्रत्येक पिंजऱ्यावर एक कागद असतो: काय, किती, केव्हा, आणि खाली जाड अक्षरात "काय करू नये".

११. माणसाला चावलं तर

कुत्रा-मांजर चावलं किंवा ओरखडलं, अगदी घरचं लस दिलेलं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. रेबीज झाल्यावर उपचार नाही, त्यामुळे इथे काटकसर नको. घरातल्या कुत्र्या-मांजरांची रेबीजची लस चुकलीच तर त्याच आठवड्यात देऊन टाका.

ताप आणि खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना घरात पक्षी आहेत हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

१२. जमत नसेल तर

बदली होते, बाळ येतं, कुणाची ॲलर्जी उघड होते. प्राणी दुसऱ्या घरी द्यावा लागला तर त्यात लाज नाही. पण तळ्यात, नदीत, टेकडीवर सोडायचं नाही. पिंजऱ्यात वाढलेला कॉकेटील बाहेर कावळ्या-घारींच्या तोंडी जातो किंवा उपाशी मरतो. लाल कानांचं कासव मात्र मरत नाही, तिथल्या देशी कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत ते आहे.

आधी ज्याच्याकडून घेतला त्या ब्रीडरला विचारा, चांगला ब्रीडर परत घेतो. नाहीतर तुमच्या डॉक्टरांना. तीच जात पाळणारी कुटुंबं त्यांना माहीत असतात. अनुसूची ४ मधला प्राणी देताना परिवेशवर हस्तांतराची नोंद झाल्याशिवाय पिंजरा गाडीत चढवू नका, तोवर कागदोपत्री जबाबदार तुम्हीच. नव्या घरी फाईल, रोजचं खाणं लिहिलेला कागद आणि पिंजऱ्यातली एक जुनी काठी किंवा फडकं सोबत द्या.

आणि घरात वडिलोपार्जित राघू किंवा देशी कासव सापडलंच, तर वनविभागाच्या १९२६ या हॅलो फॉरेस्ट क्रमांकावर फोन करून सुपूर्द करा. फोन करण्याआधी ते कधीपासून आहे, काय खातं आणि उडता-चालता येतं का, एवढं टिपून ठेवा. पुढची सोय ठरवताना त्यांना ते लागतं.